दहा मिनिटं आधी दिलेली चिठ्ठी

मेधा,

सबनीसांनी आपल्या संगीत मंडळाच्या पत्रिकेसाठी दोन पानं मागितली आहेत. ‘वहिनींचा स्वभाव येऊ द्या,’ असं म्हणाले. तुझा स्वभाव दोन पानांत बसवायचा तर अक्षर फार बारीक करावं लागेल, हे मी त्यांना सांगितलं नाही. जन्म, शिक्षण, शाळेतली नोकरी वगैरे ते वेगळ्या चौकटीत छापणार आहेत. त्या मजकुरात दोन चुका होत्या, त्या मी दुरुस्त करून दिल्या. तुझं माहेर त्यांनी ठाण्याचं केलं होतं.

तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. घरी येणारा प्रत्येक जण मला सांगतो की मेधाताई किती शांत, किती समजूतदार. मी मान हलवतो. दुसरं काय करणार? माझ्याशी तू एकाच विषयावर दोन वर्षं भांडलीस हे त्यांना माहीत नाही. बाहेर एक शब्द बोलली नाहीस. घरात सोडलं नाहीस. आणि भांडण अर्धवट टाकून निघून गेलीस याचा मला राग आहे. शोकाच्या वेळी राग लिहू नये असं म्हणतात, पण मला दुसरं काही सुचत नाही.

शिवाय त्या भांडणात एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. ती सांगायची राहिली, आणि ती याच पत्रिकेत सांगायला हवी, कारण खोटं मी इथेच छापलं होतं.

तुला प्रसंग पाठ आहे. वाचणाऱ्यांसाठी लिहितो.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली मंडळाची सकाळची मैफल. गायला कोल्हापूरकडच्या बाई, वय पंचाहत्तरच्या पुढे. नाव लिहीत नाही; आपल्या घरात त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं. तू त्यांना पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस, कल्याणला, वडिलांच्या शेजारी सतरंजीवर बसून. त्यानंतर तेहेतीस वर्षं योग आला नाही. दोनदा त्या आपल्या भागात आल्या, तेव्हा एकदा आपल्या ऋजुताची दहावीची परीक्षा होती आणि एकदा माझी आई आजारी होती. त्यांना डोंबिवलीत बोलवावं म्हणून तू तीन वर्षं सबनीसांच्या मागे लागलीस. शेवटी बाई हो म्हणाल्या, पण बजावून, की एवढा प्रवास आता पुन्हा होणार नाही. म्हणजे ही त्यांची आपल्याकडची शेवटची मैफल, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मलाही.

हॉल सहा ते नऊ मिळाला होता. साडेनऊला तिथे एका शाळेचं स्नेहसंमेलन. नऊला रंगमंच रिकामा करून द्यायचा अशी लेखी अट होती. वेळ पाहण्याचं काम माझं. मंडळात सोळा वर्षं हे काम मी करतो. मला गाण्यातलं कळत नाही म्हणून ते मला दिलं, असं तुझं म्हणणं. मला घड्याळातलं कळतं म्हणून, असं माझं.

पद्धत अशी. मी रंगमंचाच्या डाव्या अंगाला, पडद्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसतो. आदल्या दिवशी जाड पेनाने दोन चिठ्ठ्या लिहून ठेवतो : ‘वीस मिनिटे’ आणि ‘पाच मिनिटे’. वेळ झाली की चिठ्ठी तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येकडे सरकवायची, ती कलाकाराला देते. कलाकाराला घाई वाटू नये म्हणून वीस मिनिटांची चिठ्ठी, म्हणजे हातातला राग नीट संपवून भैरवी घेता येते. हे मीच ठरवलेलं आहे आणि मला ते अजूनही योग्य वाटतं.

बाई बसल्या तेव्हा माझ्या घड्याळात साडेसहा झाले होते. पहिली तोडी. मग वीस मिनिटं चहा. मग जौनपुरी लावली. तू तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, डोळे मिटून, हात मांडीवर उपडे. मी माझ्या खुर्चीवर. जौनपुरीत बाई वरच्या ‘सा’कडे जात होत्या आणि अलीकडूनच परत फिरत होत्या. मी मोजत होतो, कारण मोजण्यासारखं तिथे दुसरं काही नव्हतं. अकरा वेळा गेल्या आणि अकरा वेळा परतल्या. बाराव्यांदा निघाल्या तेव्हा माझ्या घड्याळात आठ चाळीस झाले होते. मी चिठ्ठी सरकवली. शिष्येने जरा थांबून दिली. बाईंनी चिठ्ठी पाहिली, मान हलवली, तबलजीकडे बघितलं, एक छोटी द्रुत बंदिश म्हटली आणि भैरवी सुरू केली. वरच्या ‘सा’वर त्या पोचल्याच नाहीत. सबनीसांचं आभारप्रदर्शन संपलं तेव्हा माझ्या घड्याळात आठ अठ्ठावन्न. मला फार बरं वाटलं.

तू रिक्षातून उतरून सरळ जिना चढलीस. पोहे केलेस, माझी बशी टेबलावर ठेवलीस आणि स्वतः ओट्यापाशी उभं राहून खाल्लेस. मी विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. तुम्ही चिठ्ठी दिलीत.”

“द्यायचीच असते.”

“त्या पोचत होत्या हो. आणखी एकदा गेल्या असत्या की पोचल्या असत्या.”

“अगं, अकरा वेळा गेल्या आणि परत आल्या. बाराव्यांदा पोचल्या असत्या कशावरून?”

तू बशी खाली ठेवलीस. “तुम्ही मोजलंत?”

“मग? तासभर बसून काय करणार?”

“अहो, परत येण्यातच तर गाणं असतं.”

“मग पोचायला कशाला हवं? परत येत राहायचं!”

यावर तू माझ्याकडे जसं बघितलंस तसं मी आमच्या लॅबमध्ये, वजनाच्या काट्यावर चहाचा कप ठेवणाऱ्या पोराकडे बघतो. आणि इथून दोन वर्षांचं भांडण सुरू झालं.

त्यात तू काय काय काढलंस! मी लग्नात सनईवाल्याला थांबवलं होतं, मुहूर्ताला चार मिनिटं उरली म्हणून. मी ऋजुताच्या बारशाला पाळण्याची गाणी दोनच घ्या म्हणालो होतो. माझ्या वडिलांनी म्हणे जेवतानासुद्धा घड्याळ बघितलं. त्यांचा काय संबंध? मी सांगायचो की तीनशे माणसांचा कार्यक्रम आहे, हॉल दुसऱ्याचा आहे, साडेनऊला दीडशे मुलं नटून येणार आहेत, तिथे नियम पाळलाच पाहिजे. तू म्हणायचीस, “नियम मला मान्य आहे.” मग भांडतेस कशाला? तर म्हणायचीस, “तुम्हाला वाईट वाटलं नाही, यासाठी.” आता वाईट वाटणं हे मी मोजून कसं दाखवणार?

एक मात्र तू कधीच म्हणाली नाहीस. वेळ चुकली असं तू एकदाही म्हणाली नाहीस. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आता माझी गोष्ट.

आपल्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे. हा तुझा कायदा. आपल्याकडे घरोघरी असतो. गाडी आणि शाळा चुकू नये म्हणून घड्याळ पुढे, आणि ते पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत, म्हणून सगळे मनात दहा वजा करतात. मी म्हणायचो, वजा करायचं तर पुढे ठेवायचं कशाला? तू म्हणायचीस, “बघितल्या बघितल्या धसका बसतो ना, तेवढ्यासाठी.” मी ते बरोबर लावायचो, तू पुन्हा पुढे करायचीस. मैफलीच्या आधीच्या गुरुवारी मी खुर्चीवर चढून ते फोनवर बघून बरोबर लावलं होतं. शनिवारी माझ्या मनगटी घड्याळाचा सेल गेला. कोपऱ्यावरून नवीन सेल आणला, घरी बसवला, आणि समोर स्वयंपाकघरातलं घड्याळ होतं, त्यावर लावलं. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. उठून गेलो नाही. गुरुवारी मी स्वतःच्या हाताने बरोबर केलेलं घड्याळ, त्यावर विश्वास न ठेवायला काय झालं?

शुक्रवारी तू ते परत दहा मिनिटं पुढे केलं होतंस.

माझं काम काय आहे हे मंडळातल्या काहींना माहीत नसेल. मी एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये मोजमापाची उपकरणं तपासतो. काटे, तापमापक, दाबमापक. मी सही केल्याशिवाय ते उपकरण बरोबर आहे असं कुणी म्हणत नाही. नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगतो : ज्यावरून तपासता ते आधी तपासा. अठ्ठावीस वर्षं सांगतो आहे.

त्या रविवारी हॉलमध्ये मोबाइल बंद ठेवण्याची सूचना मीच दिली होती, म्हणून माझाही बंद होता. शाळेची माणसं माझ्या घड्याळाने नऊ चाळीसला आली. मी सबनीसांना म्हणालो, “बघा, यांना वेळेची किंमत नाही.” घरी आल्यावर, पोहे झाल्यावर, तू भांडून आत गेल्यावर मी फोन सुरू केला. मनगटावर बारा पंधरा, फोनवर बारा पाच. मी स्वयंपाकघरात गेलो. तिथलं घड्याळ माझ्या मनगटाशी अगदी मिनिटाला जुळत होतं. मग कळलं.

म्हणजे चिठ्ठी मी आठ तीसला दिली होती. कार्यक्रम आठ अठ्ठेचाळीसला संपला होता. हॉल आपल्याकडे आणखी बारा मिनिटं होता. बाईंना आणखी दहा मिनिटं गाता आलं असतं आणि कुणाचा एकही नियम मोडला नसता.

मी काय केलं सांगू? बाथरूममध्ये गेलो, आतून कडी लावली, घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं आणि बाहेर आलो. तुला सांगितलं नाही. संध्याकाळी सांगेन म्हणालो. संध्याकाळी तू पुन्हा नियमावर बोललीस आणि मी नियमावर उत्तर दिलं, आणि उत्तर इतकं चोख होतं की मग ते मोडवेना.

त्याच आठवड्यात पत्रिकेसाठी मैफलीचा वृत्तांत मी लिहिला. त्यात एक वाक्य घातलं : ‘प्रकृतीच्या कारणास्तव बाईंनी जौनपुरी काहीशी आटोपती घेतली.’ कुणी मागितलं नव्हतं हे वाक्य. पुढेमागे कुणी विचारलं तर, म्हणून घातलं. पत्रिकेची मुद्रितं तूच तपासायचीस. ती चार पानं घेऊन तू जेवणाच्या टेबलावर बसलीस, लाल पेन घेऊन. वृत्तांतावर आलीस आणि थांबलीस.

“हे प्रकृतीचं वाक्य राहू दे?”

“राहू दे.”

“नक्की?”

“हो, राहू दे म्हटलं ना.”

तू पेन त्या ओळीवर धरून ठेवलंस. मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं केलं. मग तू पान उलटलंस. शेजारच्या पानावरचा एक ऱ्हस्व उकार दुरुस्त केलास आणि चहा टाकायला उठलीस. मला वाटलं, सुटलो.

भांडण त्यानंतरही चालूच राहिलं. टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाच्या रांगेत चाललं. कळव्याला तुझ्या मावशीकडे हळदीकुंकवाला जाताना चाललं. सगळ्यात लांब चाललं ते घोडबंदर रोडवर. ऋजुताकडे जात होतो, तिच्या टॉवरच्या एक किलोमीटर अलीकडे गाडी अडकली. एक तास दहा मिनिटं. तू मध्येच म्हणालीस, “थांबा, तुम्हाला दाखवतेच त्या कुठे जात होत्या ते.” आणि जौनपुरी गुणगुणायला लागलीस. खिडक्या बंद, बाहेर टँकर, पुढे सिमेंटचा मिक्सर. लग्नाआधी तू गाणं शिकत होतीस हे मला माहीत होतं, पण मी तुला असं सलग गाताना ऐकलं नव्हतं. हळूहळू वर चढत होतीस. एकदा परत आलीस. दुसऱ्यांदा परत आलीस. डोळे मिटलेले. तिसऱ्यांदा निघालीस, आणि पुढचा मिक्सर हलला.

मी म्हणालो, “सुटलं!” आणि गिअर टाकला.

मागचे हॉर्न मारत होते, मेधा. मी काय करायला हवं होतं?

तू डोळे उघडलेस. मला वाटलं आता ऋजुताच्या घरापर्यंत अबोला. पण तू हसायला लागलीस. इतकी हसलीस की ओढणीने डोळे पुसलेस. “अहो, तुम्ही ना,” म्हणालीस, “तुम्हाला वर जाऊन देवाने उभं केलं तरी तुम्ही त्याला चिठ्ठी द्याल.” मलाही हसू आलं. तेव्हा सांगता आलं असतं. गाडी चालत होती, तू हसत होतीस, याहून चांगली वेळ कुठली? पण तोवर आपण तिच्या गेटपाशी आलो आणि वॉचमनने नंबर विचारला.

हे सगळं मी माझ्यापुरतं घेऊन बसलो होतो. तुला काही माहीत नाही असं धरून. आणि मग मागच्या रविवारी ऋजुता आली, पत्रिकेसाठी तुझा फोटो शोधायला. तुझा फोन तिच्याकडे होता. तिने एक फोटो बघितला, पटकन पुढे सरकवला, आणि मी म्हणालो, “थांब, काय होतं ते?”

“काही नाही बाबा.”

“दाखव.”

तुझ्या तिसऱ्या रांगेतून काढलेला फोटो. रंगमंचावर बाई, हातात माझी चिठ्ठी. डाव्या बाजूला पडद्याशी माझा अर्धा खांदा आणि घड्याळाचा हात. मोबाइल बंद ठेवा असं मी माइकवरून दोनदा सांगितलं होतं. घरातल्या माणसाने तरी ऐकावं! पण फोटोखाली वेळ असते. आठ एकतीस.

मी ऋजुताकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“तुला माहीत होतं?”

“बाबा, प्लीज.”

“ऋजुता, माहीत होतं का?”

“आईने त्याच दिवशी मला पाठवलेला हा फोटो. संध्याकाळी फोन पण केलेला. म्हणाली, ‘बाबांनी दहा मिनिटं आधी चिठ्ठी दिली गं, आणि घड्याळ मीच पुढे केलेलं.’ रडत होती ती. मी म्हटलं, सांग ना मग त्यांना. तर म्हणाली, नको.”

“का नको?”

“तुम्ही मंडळाचं काम सोडून दिलं असतंत म्हणून. मग तुम्ही गाण्याला आलाच नसतात. ‘मला एकटीला जावं लागेल,’ म्हणाली.”

“मग दोन वर्षं भांडत कशाला होती माझ्याशी?”

“ते मला काय विचारता? तुम्हीच सांगाल म्हणून वाट बघत असेल.” मग म्हणाली, “बाबा, तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. बारा पाचला.”

ऋजुताने फोन टेबलावर ठेवला. “तुम्ही दोघं ना,” म्हणाली, “खरंच धन्य आहात.” आणि आत जाऊन तोंड धुऊन आली.

मला तेव्हापासून काय होतंय ते सांगतो. पहिल्यांदा संताप आला. तुझ्या हातात पुरावा होता, मेधा. मिनिटासकट. एकदा फोटो समोर टाकला असतास की माझं तोंड बंद झालं असतं. तू मला लग्नातल्या सनईवरून बोललीस, वडिलांवरून बोललीस, आणि जे एकमेव खरं होतं ते सोडून सगळं बोललीस. लाल पेन त्या ओळीवर धरून तू ‘नक्की?’ विचारलंस तेव्हा तुला सगळं माहीत होतं! आणि मला वाटत होतं की मी तुझ्यापासून लपवतोय. असं वागतात का? मी सोडलं असतं मंडळाचं काम, तर सोडलं असतं. घरी बसलो असतो. तुझ्याबरोबर प्रेक्षकांत बसलो असतो कदाचित. तेवढं तरी मला ठरवू द्यायचंस.

मग दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना वाटलं, घड्याळ तू पुढे केलंस म्हणून तू रडलीस आणि मी लावताना तपासलं नाही म्हणून मी कडी लावून बसलो. दोघांची चूक मिळून दहा मिनिटं. अर्धी अर्धी वाटली असती तर पाच-पाच आली असती. जड नव्हती. पण माझं म्हणणं असं की माझा वाटा मोठा. घड्याळ पुढे ठेवणं हा तुझा रिवाज होता, तो मला माहीत होता. तपासणं हा माझा पेशा होता.

म्हणून पत्रिकेच्या वाचकांसाठी ही दुरुस्ती. दोन वर्षांपूर्वीच्या वृत्तांतात ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं छापलं आहे ते चूक आहे. बाईंची प्रकृती उत्तम होती. त्यांना वीस मिनिटांची चिठ्ठी आठ चाळीसऐवजी आठ तीसला दिली गेली. घड्याळ पुढे होतं. घड्याळ माझं होतं. मंडळाचा, हॉलचा किंवा बाईंचा यात काही दोष नाही. सबनीसांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “अहो, आता कशाला? कुणाच्या लक्षात आहे?” मी म्हणालो, “छापायचं नसेल तर दोन्ही पानं परत द्या.” ते छापणार आहेत.

आणखी एक काम केलं. बाईंचा नंबर सबनीसांकडून घेतला आणि काल सकाळी फोन केला. त्यांनी स्वतःच उचलला.

मी नाव सांगितलं, डोंबिवली सांगितली, सकाळची मैफल सांगितली.

“हां, हां. थंडी होती,” बाई म्हणाल्या. “चहा चांगला होता तुमचा. आलं भरपूर.”

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, घड्याळ, दहा मिनिटं, प्रकृतीचं वाक्य. लिहून काढलं होतं, त्यावरून वाचलं.

“प्रकृती? माझी? ठणठणीत होते की मी त्या दिवशी!” त्या हसल्या. “अहो, चिठ्ठ्या येतातच. आमच्या लहानपणी मांडववाला येऊन खालची सतरंजी ओढायचा. तुम्ही चिठ्ठीच घेऊन बसलाय होय इतके दिवस? मग गाणं कुणी ऐकलं?”

“माझ्या मिसेसनं,” मी म्हणालो. “ती तुमचं एकोणिसाव्या वर्षापासून…”

“मग त्यांना द्या की फोन.”

मेधा, मी फोन दहा मिनिटांची चूक सांगायला केला होता. तेवढंच कागदावर लिहिलं होतं. कागदावर नव्हतं ते मला बोलता येईना. मी म्हणालो, “ती घरी नाही.”

“बरं, नसू देत. त्यांना काय आवडलं होतं, तेवढं तरी सांगा. तोडी की जौनपुरी? तोडीत एक जागा त्या दिवशी अशी लागली होती, मला पुन्हा कधी तशी सापडली नाही. त्यांना लक्षात आली का?”

सहा वीसपासून आठ तीसपर्यंत. चहाची वीस मिनिटं वजा केली तरी एक तास पन्नास मिनिटं तू डोळे मिटून ऐकत होतीस. आणि त्यातलं तुला काय आवडलं, हे दोन वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नव्हतं.

“विचारून सांगतो,” मी म्हणालो.